खाणीशेजारच्या विहिरीचं पाणी फक्त मे महिन्यातच का तपासायचं?

गेलं वर्षभर मला एक छंद लागला आहे. रविवारी चहा झाला की मी लॅपटॉप उघडतो आणि कोळसा खाणींचे सहामाही अनुपालन अहवाल वाचत बसतो. बायको म्हणते, हा माणूस सुट्टीच्या दिवशीही लॉगच वाचतो. तिचं काही चुकत नाही. अहवाल वाचणं आणि लॉग वाचणं यात फारसा फरक नाही. दोन्हीकडे ९९ ओळी 'सगळं ठीक आहे' सांगत असतात आणि आपण शंभरावी शोधत असतो.

हे अहवाल म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण आपल्यातल्या बहुतेकांना ते सगळ्यांसाठी खुले असतात हेच ठाऊक नसतं. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली, त्याने घातलेल्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. कोणीही मागू शकतो, कोणीही वाचू शकतो. वाचतं मात्र कोणी नाही.

आता बदलापूरच्या माणसाला कोळसा खाणीचं काय पडलंय, असं तुम्ही विचाराल. एक कारण घरगुती आहे, माझी सासुरवाडी चंद्रपूरची. दुसरं कारण तुमचंही आहे. चंद्रपूरच्या वीज केंद्रापासून आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची एक अतिउच्चदाब एकदिश वाहिनी आहे. १५०० मेगावॉट वाहून नेण्याची तिची क्षमता आहे. पडघ्याला उतरलेली वीज पुढे जाळ्यात मिसळते, त्यामुळे माझ्या घरातला पंखा नेमका कुठल्या विजेवर फिरतो हे कोणी सांगू शकत नाही. पण तारा कुठून निघतात आणि कुठे पोचतात, हे नकाशावर दिसतं. कोळसा तिकडे निघतो, धूळ तिकडे बसते, पाणी तिकडचं बिघडतं किंवा आटतं, आणि दिवे इकडे लागतात.

आणखी एक धागा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. ७० च्या वर गेलेले ४३ पट्टे अतिप्रदूषित ठरले. त्या यादीत चंद्रपूरला ८३.८८ गुण होते, आणि आपल्या शेजारच्या डोंबिवलीला ७८.४१. परीक्षेत असे गुण पडले असते तर पेढे वाटले असते. म्हणजे वर्धा नदीचं खोरं आणि उल्हास नदीचं खोरं एकाच यादीत आहेत. तरीही त्यांच्या पाण्यावर लक्ष ठेवायची पद्धत सारखी नाही, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीपत्रांत एक अट वर्षानुवर्षं जवळजवळ शब्दशः सारखी येते. आसपासच्या विहिरी आणि नवी निरीक्षण विवरं, म्हणजे पीझोमीटर, यांचं जाळं उभारा. भूजलाची पातळी वर्षातून चार वेळा मोजा: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. आणि गुणवत्ता? ती मे महिन्यात. चार वेळा खोली आणि एकदा दर्जा. अट वाचून पहिल्यांदा काही खटकत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी, त्यामुळे क्षार दाट झालेले, म्हणजे सर्वांत वाईट अवस्था मे महिन्यातच दिसेल, असा त्यामागचा विचार असावा. घरगुती सांडपाण्याच्या बाबतीत तो बऱ्यापैकी बरोबरही आहे. खाणीच्या बाबतीत तो तोकडा पडतो.

उघड्या खाणीत कोळशाच्या थरावरची माती आणि खडक काढून बाजूला टाकावे लागतात. यालाच ओव्हरबर्डन म्हणतात. चंद्रपूरकडची माणसं सरळ 'मातीचे ढिगारे' म्हणतात, पण ढिगारा या शब्दावरून अंदाज येत नाही, ते डोंगर असतात. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली हवेपासून दूर राहिलेला खडक फुटून उघड्यावर पडतो. त्यात पायराइट नावाचं लोह आणि गंधकाचं खनिज थोडंफार असतं. त्याला हवा आणि ओल मिळाली की गंधकाचं सल्फेट होतं, सोबत आम्ल तयार होतं आणि लोह, मँगनीजसारखे धातू सुटे होतात. मार्च ते मे या काळात चंद्रपूरच्या उन्हात हे सगळं ढिगाऱ्यावर सुकून क्षारांच्या रूपात बसतं. जूनमध्ये मोसमी पावसाची पहिली मोठी सर येते आणि तीन महिन्यांचा साठा एका दुपारी धुऊन नाल्यात, शेतात, विहिरीत नेते. मे महिन्यात घेतलेल्या बाटलीत हे कुठून दिसणार? चोर जूनमध्ये येतो आणि आपण मे महिन्यात पहारा देऊन 'चोरी झाली नाही' असं लिहून मोकळे होतो.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. खाण सुरू होण्याआधी पर्यावरणीय आघाताचा जो अभ्यास होतो, त्यात परिसराच्या पाण्याची मूळ स्थिती नोंदवतात. ती नोंद एका हंगामाची चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. म्हणजे आधीच्या चित्रात पावसाळा नाही, आणि नंतर विहिरींची गुणवत्ता ज्या महिन्यात तपासायची त्यातही पावसाळा नाही. विदर्भात जे चार महिने पाणी सर्वांत जास्त हलतं, तेच चार महिने दोन्ही टोकांना गायब.

इथे खाणीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. खाणीतून उपसून बाहेर सोडलेल्या पाण्याची तपासणी वर्षातून एकदाच होते असं नाही. २५ सप्टेंबर २००० च्या केंद्रीय अधिसूचनेने कोळसा खाणींसाठी वेगळी मानकं ठरवली आणि बाहेर सोडलेलं पाणी दर पंधरवड्याला तपासायला सांगितलं. त्यात नेहमी पाहिल्या जातात त्या गोष्टी म्हणजे सामू, तरंगते कण, तेल-ग्रीस आणि नायट्रेट. नायट्रेट का, तर सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं. हे चांगलंच आहे. पण त्या नेहमीच्या यादीत सल्फेट नाही. आपल्याकडे खाणीच्या पाण्याची ओळख पटवायची तर सल्फेट ही सर्वांत उपयोगी खूण आहे.

का, ते थोडक्यात सांगतो. मेघालयातल्या कोळशात गंधक भरपूर आहे. तिथे खाणींचं आम्ल नद्यांत उतरतं तेव्हा मासे मरतात, लुखा नदीचं पाणी हिवाळ्यात निळं पडलेलं सगळ्या देशाने फोटोत पाहिलं. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवाना काळातला, त्यात गंधक त्यामानाने कमी. शिवाय या भागात चुनखडी आहे, सिमेंटचे कारखाने उगाच आले नाहीत. चुनखडी आम्ल मारून टाकते. परिणाम असा की पाण्याचा सामू साडेसातच्या आसपास, अगदी शहाण्या मुलासारखा राहतो, पण सल्फेट आणि कठीणपणा वाढत जातो. सामू पाहून समाधान मानणं म्हणजे रुग्णाला ताप नाही म्हणून रक्त तपासायचंच नाही, असं झालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालवून घेतात. एखाद्या विहिरीचा आकडा पाच वर्षांत ६० वरून १८० वर गेला तर अहवालात काय लिहिलेलं असेल? 'मर्यादेत आहे.' आणि ते खोटंही नसेल. आम्ही सर्व्हरची डिस्क ९० टक्के भरेपर्यंत थांबत नाही, ती कुठल्या वेगाने भरतेय ते पाहतो. विहिरीच्या बाबतीत हा साधा नियम कोणी लावत नाही, कारण पाच वर्षांचे आकडे पाच वेगवेगळ्या स्कॅन केलेल्या कागदांत असतात आणि एका तक्त्यात कधीच येत नाहीत.

आता आपल्या नदीकडे येतो. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ उल्हासचं पाणी बदलापूरच्या वरच्या अंगाला, जांभूळच्या जलकेंद्रापाशी आणि मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी तपासतं. आकडे महिन्याच्या हिशेबाने जाहीर होतात. औषधं, रंग यांसारख्या १७ प्रकारच्या जास्त प्रदूषक उद्योगांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना २०१४ साली केंद्रीय मंडळाने सतत नोंद घेणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितलं. आपल्याकडचे असे कारखाने आणि प्रक्रिया केंद्रं त्या आदेशात येतात. त्या १७ प्रकारांत सिमेंट आहे, औष्णिक वीज आहे, कोळसा खाण नाही. एकाच रेल्वे रुळावर कोळसा उचलणारा आणि कोळसा जाळणारा असे दोघे असताना जाळणाऱ्यालाच मीटर लावायचा, हे मला तरी समजत नाही.

पण आकडे आले की नदी साफ होते, असं मी म्हणणार नाही. वालधुनी आपल्या डोळ्यांसमोर आहे. अंबरनाथच्या हजार वर्षांच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरकडे येणारी ही नदी. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वास लागून रुग्णालयात जावं लागलं. महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीत ते रसायन सापडण्याची शक्यता किती? टँकर काही तपासणीची तारीख विचारून येत नाही. पुढच्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, 'वनशक्ती' या संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक संस्था यांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. नदी त्याने निवळली नाही. तरीही ते प्रकरण लवादापर्यंत पोचलं आणि टिकलं, याचं एक कारण कागदावरचे आकडे होतं. नाकाला वास येतो हे न्यायालयात सांगता येतं, पण सिद्ध करायला तक्ता लागतो. खाणीशेजारच्या शेतकऱ्याकडे तो तक्ता नाही. त्याच्याकडे फक्त विहीर आहे.

आणि त्याच्या विहिरीचं पहिलं दुखणं बहुतेक वेळा घाण नसतंच, कोरडेपणा असतो. खाण चालू असताना तळाशी साचणारं पाणी रात्रंदिवस उपसावं लागतं. खड्डा हा त्या परिसरातला सर्वांत खोल बिंदू, त्यामुळे चहूबाजूंचं भूजल त्याच्याकडे ओढलं जातं आणि भोवतीच्या विहिरींची पातळी खाली जाते. खाण चालू आहे तोवर प्रवाह विहिरीकडून खाणीकडे असतो. खाण बंद होते, पंप थांबतात, खड्डा भरतो. पाणी पूर्वीच्या पातळीकडे परत चढतं आणि मग काही ठिकाणी खड्ड्यातलं पाणी बाहेरच्या दिशेने सरकू शकतं. म्हणजे दर्जाची खरी परीक्षा खाण बंद झाल्यानंतर सुरू होते, जेव्हा तिथला साहेब बदलून गेलेला असतो, फाटकाला कुलूप असतं आणि पीझोमीटरच्या तोंडावर बाभूळ उगवलेली असते. खाण बंद करण्याच्या खर्चासाठी कंपन्यांना एस्क्रो खात्यात पैसे ठेवावे लागतात, ही सोय चांगली आहे. त्यातून निदान दहा-पंधरा वर्षं पाण्याची नोंद चालू ठेवायला काय हरकत आहे?

अधिकाऱ्यांचं उत्तर मला पाठ आहे. चंद्रपूर आणि यवतमाळच्या खडकातच फ्लोराइड आहे, त्यात खाणीचा काय दोष? नायट्रेट कपाशीच्या खतातून येतं, संडासाच्या खड्ड्यातून येतं. हे खरं आहे. कित्येक गावांत दात पिवळे आणि कंबर वाकलेली माणसं खाणीपासून लांब राहणारी आहेत. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम, नाइलाजाने दीड, आणि ती ओलांडणाऱ्या विहिरी या भागात आधीपासून आहेत. पण याच कारणाने नोंद नीट हवी. निसर्गाचं किती, शेताचं किती आणि खाणीचं किती, हे वेगळं करायचं असेल तर खाणीच्या वरच्या अंगाची एक विहीर, खालच्या अंगाच्या तीन विहिरी आणि वर्षातून किमान चार नमुने लागतात. एका बाटलीवरून कोणाचाच दोष सिद्ध होत नाही आणि कोणी निर्दोषही ठरत नाही. मग जो बलवान, त्याचं म्हणणं खरं.

मी खाणविरोधी नाही. कोळशावर मिळालेल्या पगारातून माझ्या सासरच्या गल्लीतली अर्धी घरं उभी आहेत आणि शिकलेल्या मुलींची लग्नं नीट झाली आहेत. खाणीचं पाणी म्हणजे विष, असंही नाही. नागपूरजवळ पाटणसावंगीला वेकोलिने खाणीतलंच पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं आहे. उपसा सिंचनाला हे पाणी देता येतं, गावांना देता येतं. ज्या पाण्याची नोंद आहे त्याचं काहीतरी करता येतं, इतकंच.

पैशांची अडचण तर सांगूच नये. खनिज निघणाऱ्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांकडून १० टक्क्यांइतकी रक्कम त्यात जमा होते. पिण्याचं पाणी आणि पर्यावरण हे त्या निधीच्या प्राधान्यक्रमात आहे. त्यातून गेट उभारतात, सभागृहं बांधतात. विहिरीत पातळी, विद्युतवाहकता आणि तापमान सतत नोंदवणारं यंत्र सोडायला सभागृहाइतका खर्च येत नाही. विद्युतवाहकता एकदम उसळली की पाण्यात क्षार शिरले, एवढं ते सांगतं आणि मग माणसाने जाऊन बाटली भरायची. आमच्या भाषेत हा अलर्ट. मोठ्या भूजल उपशासाठी डिजिटल नोंदयंत्रांची अट केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आहेच, पण ती मुख्यतः पातळीसाठी. एकदा विवर खणलं, यंत्र सोडलं, सिमकार्ड बसवलं की आणखी एक संवेदक लावायला कितीसं लागतं?

माझी मागणी एवढीच आहे. खाणीशेजारच्या विहिरींची गुणवत्ता मे महिन्याबरोबर पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याच्या आत, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तपासा. यादीत सल्फेट, कठीणपणा, लोह आणि मँगनीज प्रत्येक वेळी ठेवा. आकडे स्कॅन करून नव्हे, उघडता येईल अशा तक्त्यात द्या. आणि विहिरीच्या कठड्यावर मराठीत लिहा. गावात स्वच्छता सर्वेक्षणानंतर लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, ते लोकांना कळतं. खाणीचा अहवाल मात्र इंग्रजीत, आणि ज्याच्या विहिरीवर तो लिहिला त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही.

यात आपण, म्हणजे हे वाचणारे तुम्ही, कुठे बसता? आपल्यातले शिकलेले तरुण निवेदनं लिहिण्यात तयार झाले आहेत. शिष्यवृत्ती, भाड्याने घर न मिळणं, कागदपत्रं, कब्रस्तानची जागा. हे प्रश्न खरे आहेत आणि आपल्याशिवाय ते कोणी मांडणारही नाही. पण खाणीच्या जनसुनावणीत आपल्यातलं कोणी हात वर करून सल्फेटचा आकडा विचारतं का? नव्या किंवा वाढीव खाणीसाठी जनसुनावणी घ्यायची तर तिची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तिथे बोलायला कोणत्या समाजाचं असावं लागत नाही. बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, वणी, उमरेड इथल्या मोहल्ल्यांत बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या मुली आहेत, डिप्लोमा झालेली मुलं आहेत. त्यांना करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं पुष्कळसं घरबसल्या होतं.

एक अहवाल उतरवून घ्या आणि साध्या एक्सेलमध्ये तीन गोष्टी पाहा. पाण्यात धन आणि ऋण आयनांचा हिशेब जुळावा लागतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एका बाजूला, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट दुसऱ्या बाजूला, दोन्ही मिलिइक्विव्हॅलंटमध्ये. तफावत दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तपासणीत किंवा टंकलेखनात घोळ आहे. दुसरं, विरघळलेल्या क्षारांचा आकडा साधारणपणे विद्युतवाहकतेच्या ०.५५ ते ०.७५ पट असतो. त्याच्या फार बाहेर असेल तर विचारा. तिसरं, 'बीडीएल' हा शब्द दिसला की खूश होऊ नका. त्याचा अर्थ यंत्राला दिसलं नाही, एवढाच. शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. यंत्राला ०.०५ च्या खालचं दिसतच नसेल तर त्या 'बीडीएल'ला काही किंमत नाही, म्हणून यंत्राची मर्यादा माहितीच्या अधिकारात मागा. आणि मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी उघडून ठेवा. दोन वर्षांचे आकडे दशांशापर्यंत तेच निघाले तर पुढचं मी सांगायला नको.

जाता जाता, आपल्या घराघरांत आलेल्या टीडीएस मीटरबद्दल. आरओ विकणारा येतो, ग्लासात पेन बुडवतो, आकडा दाखवतो आणि घाबरवतो. वुजूखान्याच्या बोअरवेलवरही मी हे मीटर फिरताना पाहिलं आहे, आणि आकडा कमी आला की 'पाणी झकास' असं म्हणून तेच पाणी मुलं पितात. हे मीटर वाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतं. त्यात शिसं आहे की फ्लोराइड, की गटाराचे जंतू, हे त्याला कळत नाही. टीडीएस २५० असलेलं पाणी पिऊन कावीळ होऊ शकते. बोअरवेल मशिदीचं असो, सोसायटीचं किंवा शाळेचं, वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत नमुना द्यायला हवा: एक पावसाळ्याआधी, एक पाऊस सुरू झाल्यावर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गावात जलसुरक्षक असतो, त्याला नमुना कसा घ्यायचा हे शिकवलेलं असतं.

स्वतः नमुना घेणार असाल तर हातपंप किंवा मोटर आधी काही मिनिटं चालू द्या, नळीत साचलेलं पाणी जाऊ द्या. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. जंतूंसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली आणा, ती विसळू नका, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. कॅनवर जागा, तारीख, वेळ लिहा. त्याखाली आणखी एक ओळ लिहा, जी छापील फॉर्मवर बहुधा नसते: शेवटचा मोठा पाऊस कधी झाला.